बंदी? ती कधीपासून?

हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांनी जायचं की नाही, हा वाद २०१६ मध्येच मिटला, असं आपण धरून चालतो. पण तो कसा सुरू झाला आणि नेमका कसा मिटला, हे पाहिलं की 'परंपरा' या शब्दाकडे बघायची नजरच बदलते.

परीक्षा संपली तशी माझ्या रूममेटची अम्मी रत्नागिरीहून मुंबईला आली. त्यांच्या यादीत दोनच कामं होती. लेकीला सामानासकट घरी न्यायचं आणि निघण्याआधी हाजी अलीला सलाम करून यायचं. मीही सोबत गेले. गुरुवारची संध्याकाळ, त्यामुळे गर्दी जाम. ओहोटी होती. समुद्रातून जाणारी ती चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना खडक आणि पाणी, कडेला चादरी आणि गुलाब विकणारे, मधेच सेल्फीसाठी थांबणारे कॉलेजचे ग्रुप. एका बाजूला कोस्टल रोडवरच्या गाड्या सुसाट चाललेल्या.

पत्रकारिता शिकणाऱ्यांना जी खोड असते, ती मलाही आहे. मी विचारलं, "अम्मी, बंदी होती तेव्हा आला होतात का तुम्ही कधी?"

त्या चालता चालता थांबल्या. "बंदी? ती कधीपासून?"

मग सांगायला लागल्या. लहानपणी आजीचा हात धरून यायच्या, आत जायच्या, चादरीला हात लावून डोळ्यांना लावायच्या. लग्नानंतर मधली बरीच वर्षं येणं झालं नाही. तेवढ्यात काय झालं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रूममेट म्हणाली, "अगं अम्मी, मोठी केस झाली होती. मी शाळेत होते तेव्हा. टीव्हीवर रोज होतं."

म्हणजे बघा, एकाच घरातल्या दोघी. आईच्या मते बायकांनी मजारीजवळ जायचं हीच रीत. लेकीनं हाजी अलीचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं तेच 'बायकांना बंदी' या बातमीत. दोघींच्या डोक्यात एकाच दर्ग्याच्या दोन उलट परंपरा. मग खरी कोणती?

बुखारा ते वरळी

आधी थोडा इतिहास. हा दर्गा पीर हाजी अली शाह बुखारी यांचा. 'बुखारी' म्हणजे बुखाऱ्याचे. हे शहर आज उझबेकिस्तानात आहे. दर्गा १४३१ मध्ये उभा राहिला, असं सांगितलं जातं. म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, सात बेटांची भरणी, यातलं काहीही व्हायच्या आधी. मुंबई हे शहर म्हणून उभं राहण्याच्याही आधी वरळीच्या समुद्रातल्या एका छोट्या खडकावर हे ठिकाण होतं.

हाजी अलींबद्दलच्या कथा बऱ्याच. सगळ्यात प्रसिद्ध कथा एका बाईची आहे. तिचं तेल सांडलं, रिकामं भांडं घेऊन ती रडत बसली. नवरा मारेल ही भीती. पीरांनी जमिनीत अंगठा रोवला, तेलाची धार उसळली, भांडं भरलं. बाई आनंदानं घरी गेली. पीरांना मात्र आपण धरणीला इजा केली, ही बोच लागून राहिली. पुढे ते आजारी पडले आणि आपला मृतदेह पुरू नका, समुद्रात सोडा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या एका कथेत ते मक्केच्या वाटेवर वारले आणि त्यांची पेटी तरंगत तरंगत इथल्या खडकांना येऊन लागली. कथा आहेत, त्या कथा म्हणूनच घ्यायच्या. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या पीरांची सगळ्यात लाडकी कथा एका रडणाऱ्या बाईचं ऐकून घेण्याची आहे.

दर्गा आणि मशीद यांत आपण बऱ्याचदा गल्लत करतो. मशीद नमाजासाठी. दर्गा म्हणजे संताची समाधी असलेलं स्थान. हा फारसी शब्द, अर्थ साधारण 'उंबरठा' किंवा 'दरबार'. प्रत्यक्ष कबरीला 'मजार' म्हणतात. संताच्या पुण्यतिथीला 'उर्स' भरतो. 'उर्स' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ लग्न. सुफी मानतात की मरण म्हणजे प्रिय ईश्वराशी मीलन, म्हणून ती तारीख दुःखाची नाही, सोहळ्याची.

आता मुद्द्याची गोष्ट. कबरीला भेट देण्याबद्दल खुद्द मुस्लिम समाजात एकमत नाही. पैगंबरांनी आधी कबरींना भेट द्यायला मनाई केली होती आणि नंतर ती उठवली, अशी हदीस आहे. कबर बघून माणसाला मरणाची आठवण राहते, हे त्यामागचं कारण. दुसरीकडे, वारंवार कबरींवर जाणाऱ्या स्त्रियांबद्दल नापसंती दाखवणारी हदीसही आहे. विद्वानांनी दोन्हींचे वेगवेगळे अर्थ लावलेत. काही पंथांना तर दर्ग्यावर जाऊन मन्नत मागणंच मंजूर नाही, मग ते पुरुषांनी असो की बायकांनी. म्हणून 'इस्लाममध्ये असंच आहे' असं एका वाक्यात कुणी सांगितलं, तर 'कुणाच्या मते?' हा प्रश्न विचारायला जागा आहे.

आणि इस्लामचं सगळ्यात पवित्र स्थान कोणतं? मक्केतला काबा. तिथे हज आणि उमराहच्या वेळी स्त्री-पुरुष काबाला फेऱ्या एकत्रच घालतात. आपल्या देशात अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या मजारीपाशी बायका जातात. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात मात्र आतल्या गाभ्यात त्यांना जाता येत नाही. म्हणजे नियम धर्माचा कमी आणि त्या त्या जागेचा जास्त.

स्टीलचा कठडा

हाजी अलीला काय झालं? डॉ. नूरजहाँ सफिया नियाझ लहानपणापासून या दर्ग्यात येत होत्या. मार्च २०११ मध्येही त्या मजारीपर्यंत गेल्या होत्या. जून २०१२ मध्ये आल्या, तर गाभ्याच्या तोंडाशी स्टीलचा कठडा उभा. पुरुष आत, बायका कठड्याच्या अलीकडे.

नूरजहाँ आणि झकिया सोमण या दोघी भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या २००७ मध्ये सुरू झालेल्या संघटनेच्या. त्यांनी आधी दर्गा ट्रस्टला विचारलं, मग सरकारी यंत्रणांकडे दाद मागितली. काही हललं नाही, तेव्हा २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली.

विचारणा केल्यावर ट्रस्टच्या अध्यक्षांनी दिलेली कारणं निकालपत्रात नोंदलेली आहेत. एक, मोठ्या गळ्याचे ब्लाऊज घातलेल्या बायका मजारीवर वाकल्या की अंगप्रदर्शन होतं. दोन, बायकांची सुरक्षितता. तीन, आम्हाला आधी शरियतमधल्या तरतुदी माहीत नव्हत्या, चूक झाली होती, ती आता सुधारली.

हे तिसरं कारण पुन्हा एकदा वाचा. त्यात ट्रस्टनं स्वतःच मान्य केलंय की आधी बायका आत जात होत्या. म्हणजे ज्याला पुढे परंपरा म्हटलं गेलं, ती वयानं आपल्यापेक्षा लहान! आज जे विशीत आहेत, ते सगळे त्या कठड्याहून मोठे आहेत.

पहिल्या दोन कारणांचं काय? ती तर आपल्याला तोंडपाठ आहेत. कपडे नीट घाला आणि तुमच्या सुरक्षिततेसाठीच सांगतोय. हॉस्टेलच्या गेटपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत ही दोन वाक्यं ऐकली नाहीत अशी मुलगी विरळाच. गर्दीत बायकांना त्रास होतो, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्रास देणाऱ्याला आवरायचं की बाईला बाहेर ठेवायचं? कोर्टानंही साधारण हेच म्हटलं. सुरक्षिततेची काळजी असेल तर वेगळ्या रांगा लावा, बंदोबस्त ठेवा, पण त्या नावाखाली प्रवेश रोखता येणार नाही.

कोर्टानं काय तपासलं?

इथे थोडा कायदा, पण कंटाळू नका. संविधानाचं कलम २५ प्रत्येक व्यक्तीला धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं. कलम २६ धार्मिक संप्रदायांना आपला कारभार आपण बघण्याचा हक्क देतं. ट्रस्ट म्हणाला, कलम २६ नुसार आत कुणी यायचं ते आम्ही ठरवू. याचिकाकर्त्या म्हणाल्या, कलम १४ आणि १५ प्रमाणे आम्ही समान आहोत आणि कलम २५ चं स्वातंत्र्य आम्हालाही आहे.

अशी भांडणं सोडवायला कोर्टांनी १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून एक कसोटी वापरली आहे. एखादी प्रथा त्या धर्माचा 'अत्यावश्यक भाग' आहे का? असेल तर संरक्षण. गंमत म्हणजे या कसोटीचा एक महत्त्वाचा टप्पा दर्ग्याच्याच खटल्यात आला. १९६१ चा अजमेर दर्गा समितीचा खटला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, मूळचे साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी म्हटलं की काही प्रथा अंधश्रद्धेतून आलेल्या आणि धर्माला बाहेरून चिकटलेल्या असू शकतात, त्यांना संरक्षण मिळेलच असं नाही.

२६ ऑगस्ट २०१६ ला न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी हाजी अलीचा निकाल दिला. ट्रस्टनं कुराणातली वचनं आणि हदीस दाखवल्या होत्या. पण बायकांचा दर्ग्यातला प्रवेशच इस्लामला मंजूर नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही, असं कोर्टानं म्हटलं. शिवाय २०११-१२ पर्यंत बायका जात असतील, तर बंदी ही धर्माची अत्यावश्यक बाब कशी? आणि तिसरं, हा सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट आहे, दर्गा सगळ्यांना खुला आहे. अशा जागेला समानतेची कलमं लागू होणारच. बंदी १४, १५ आणि २५ या तिन्ही कलमांच्या विरोधात ठरली.

मग यात राज्य सरकारचा काय संबंध, असं वाटेल. कोर्टाचं म्हणणं होतं की नागरिकांचे मूलभूत हक्क जपणं हे सरकारचं काम आहे, त्यानं नुसतं बघत बसू नये.

त्याच वर्षी, शिंगणापूरला

२०१६ हे वर्ष महाराष्ट्रात या विषयानं गाजवलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढली आणि नंतर तिथे शुद्धीकरण केलं गेलं. तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडनं आंदोलन उभं केलं. 'मिळून साऱ्याजणी'च्या विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक कोर्टात गेल्या. एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की देवळात जाणं हा बायकांचा मूलभूत हक्क आहे. मग ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा सगळ्यांना खुला झाला.

दोन्ही बातम्या सारख्या वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीनं एक मोठा फरक आहे. शिंगणापूरसाठी हातात तयार कायदा होता. हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतल्या प्रवेशाबद्दलचा महाराष्ट्राचा १९५६ चा कायदा. नावातच 'हिंदू' असल्यामुळे तो दर्ग्याला लागू नव्हता. म्हणून नूरजहाँ आणि झकिया यांना थेट संविधानाच्या कलमांवर उभं राहावं लागलं. त्यांची लढाई जास्त अवघड होती ती इथे.

सोशल मीडियावर तेव्हाही आणि आजही एक वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, 'फक्त आमच्याच देवळांच्या मागे लागता.' दुसरी म्हणते, 'फक्त आमच्याच दर्ग्यात नाक खुपसता.' २०१६ चं कॅलेंडर नुसतं समोर ठेवलं तरी दोघांनाही उत्तर मिळतं. एकाच राज्यात, एकाच उच्च न्यायालयात, पाच महिन्यांच्या अंतरानं दोन्ही निकाल आले. आणि दोन्हीकडे मागणी करणाऱ्या बायका होत्या.

'जिंकलो' म्हणजे नेमकं काय?

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी जणांना. निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती होती, ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे तत्कालीन सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्या पीठानं सुनावणीत एक साधा मुद्दा मांडला. एका ठराविक जागेपलीकडे स्त्री-पुरुष कुणालाच जाऊ देत नसाल तर अडचण नाही. काहींना जाऊ देता आणि काहींना नाही, तिथे अडचण आहे.

२४ ऑक्टोबर २०१६ ला ट्रस्टनं सांगितलं की पुरुषांप्रमाणेच बायकांनाही प्रवेश देऊ. व्यवस्थेसाठी चार आठवडे मागून घेतले. २९ नोव्हेंबरला आंदोलनातल्या बायका आत गेल्या. आणि नवी व्यवस्था काय होती? मजारीपासून सगळ्यांनाच सारखं अंतर. समानता आली, पण ती बाईला पुढे घेऊन आणि पुरुषाला थोडं मागे घेऊन. अम्मींच्या लहानपणीसारखा चादरीला हात मात्र कुणाचाच लागेना.

शिवाय ट्रस्टनं स्वतःहून मान्य केल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला मूळ प्रश्नावर निकाल द्यावाच लागला नाही. दर्ग्याच्या गाभ्यात बायकांचा हक्क आहे का, हे देशभरासाठी ठरलं नाही. ठरलं ते हाजी अलीपुरतं. म्हणूनच डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या कायद्याच्या काही विद्यार्थिनींना निजामुद्दीन दर्ग्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात नव्यानं याचिका करावी लागली. त्या आपल्याच वयाच्या होत्या. दर्गा बघायला गेल्या, बाहेर 'महिलांना प्रवेश नाही' ही पाटी पाहिली आणि कोर्टात गेल्या.

दरम्यान २८ सप्टेंबर २०१८ ला शबरीमलाचा निकाल आला, ४ विरुद्ध १. बाजूनं चार पुरुष न्यायमूर्ती, विरोधात एकट्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. त्यांचं म्हणणं घाईघाईत उडवून लावण्यासारखं नाही. श्रद्धेच्या बाबतीत तर्काची फुटपट्टी कोर्टानं लावावी का, आणि त्या जागेचे भक्तच नसलेल्या लोकांच्या याचिकेवर निर्णय व्हावा का, हे त्यांचे प्रश्न होते. हाजी अलीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नूरजहाँ बाहेरच्या नव्हत्या, त्या लहानपणापासून तिथे डोकं टेकत आल्या होत्या. पहिला प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. धर्माचा गाभा काय, हे न्यायमूर्तींनी ग्रंथ चाळून ठरवायचं? आणि त्यांनी नाही, तर कुणी? ट्रस्टच्या बैठकीत हात वर करणाऱ्या मूठभर पुरुषांनी?

नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या फेरविचाराच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या यादीत मशीद आणि दर्ग्यातला मुस्लिम महिलांचा प्रवेश आहे, पारशी स्त्रियांचा अग्यारीतला प्रवेशही आहे. त्यासाठी नऊ न्यायमूर्तींचं पीठ नेमलं गेलं. म्हणजे हाजी अलीचा कठडा निघाला, तरी त्यामागचा प्रश्न अजून कोर्टाच्या दारात उभा आहे. मशिदींबद्दल ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात बायकांना मशिदीत नमाजासाठी जायला धर्माची मनाई नाही असं म्हटलंय. मग आपल्या गल्लीतल्या मशिदीत बायका का दिसत नाहीत, हा प्रश्न त्या प्रतिज्ञापत्रानंतर जास्तच टोचतो.

त्या संध्याकाळी

आम्ही आत गेलो. चांदीची चौकट, तिच्यात लाल-हिरवी चादर, आरशांच्या नक्षीचे खांब आणि त्यांवर अल्लाहची नव्व्याण्णव नावं. अम्मींनी लांबूनच हात जोडल्यासारखे केले, दुआ मागितली, डोळे पुसले. काय मागितलं विचारलं तर म्हणाल्या, "पोरींचं भलं कर म्हटलं. तुझंही नाव घेतलं."

बाहेर येताना भरती सुरू झाली होती, लोक भराभर पाय उचलत होते. रूममेट आईला केसची सगळी गोष्ट सांगत होती. तारखा, कलमं, न्यायमूर्तींची नावं. अम्मी ऐकत होत्या, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच काही चाललेलं. रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "माझ्या आजीला कुणी अडवलं असतं ना, तर तिनं त्या माणसाला विचारलं असतं, तू किती वर्षांचा रे?"

आजींनी कायदा शिकला नव्हता. पण कोर्टानं ज्या मुद्द्याला इतकं महत्त्व दिलं, त्याच्या अगदी जवळ त्या एका वाक्यात पोचल्या असत्या. यापुढे 'आपल्याकडे असंच असतं' असं कुणी सांगितलं, मग ते देऊळ असो, दर्गा असो की घरचा गणपती, तर भांडायची घाई करू नका. आधी शांतपणे एवढंच विचारा, कधीपासून?